निळी वर, काळी खाली

इंजिनाने वेग धरला की पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर साचलेल्या पाण्यात वर्तुळं उमटत. झाकणाच्या खोलगट भागात जेमतेम दोन चमचे पाणी मावे. वेग कमी असला तर ते नुसतं हिंदकळे, जास्त असला तर थेंब उडत, आणि बरोबर असला तर एकात एक अशी तीन वर्तुळं जागच्या जागी उभी राहत, कोरून ठेवल्यासारखी. त्या सकाळी तीनच होती. सुनेने ती मोजली, मग पुन्हा मोजली. म्हणजे इंजिन आपलं काम चोख करत होतं. तरीही जनरेटरच्या सॉकेटला लावलेला साठ वॅटचा बल्ब ढिम्म होता.

"पेटला?" दुकानाच्या दारातून सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

"नीट बघ."

"बल्ब आहे तो. नीट बघितला म्हणून पेटत नाही."

सासूबाई हसल्या नाहीत, पण "बंद कर मग, पेट्रोल काही विहिरीतून येत नाही," एवढं म्हणाल्या. त्यांच्या तोंडी याचा अर्थ विनोद पोचला असाच होता.

आदल्या संध्याकाळी वादळ झालं होतं. पाऊस बेताचा, वारा मात्र असा की कोपऱ्यावरचं झाड मुळासकट आडवं झालं आणि जाताना विजेच्या तारा घेऊन गेलं. सकाळी लाइनमन चिखलातून सायकल ढकलत आला. दारात उभा राहून त्याने टोपी काढली, पिळली आणि परत घातली.

"नऊ खांब पडलेत, काकू. आम्ही माणसं चार. त्यातल्या एकाचा पाय मुरगळलाय. गणित तुम्हीच करा."

"किती दिवस?"

"पाच धरा. मी तीन म्हणालो तर तुम्ही चौथ्या दिवशी शिव्या घालाल."

एरवी पाच दिवस घरात दिवा नसता तर कोणाचं काही अडलं नसतं. पण मागच्या खोलीत कपाटाएवढं उबवणी यंत्र होतं आणि त्यात दोनशे चाळीस अंडी होती, सोळाव्या दिवसाची. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर यायची. सुनेचा नवरा कोंबड्या पाळायचा. गेल्या हंगामात रोगाने अर्धी खुराडी रिकामी केली होती, आणि ज्या कोंबड्या त्यातून वाचल्या त्या आता म्हाताऱ्या होऊन अंडी द्यायच्या थांबल्या होत्या. ही त्यांची शेवटची अंडी. एकेक अंडं सुनेने उजेडासमोर धरून निवडलं होतं, कवचावर पेन्सिलीने तारीख घातली होती. ही गेली तर नवा कळप उभा करायला मागे काही उरत नव्हतं.

यंत्रातला तापमापक सदतीस पूर्णांक पाचवर हवा. सकाळी तो चौतीसवर आला होता.

"घाबरू नकोस," नवरा म्हणाला. तो स्वतः इतका घाबरला होता की त्याने एका पायात स्वतःची आणि दुसऱ्यात तिची चप्पल घातली होती. "कोंबडीसुद्धा अंड्यांवरून उठते की. दाणे टिपायला जाते."

"परत येते ती," सून म्हणाली.

घराच्या पुढच्या भागात सासूबाईंचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. कारखान्यात सव्वीस वर्षं त्यांनी मोटारींची वेटोळी भरली होती. कारखाना बंद पडला तेव्हा निघताना हिशेबाऐवजी जुनं वायंडिंगचं मशीन मागून घेतलं आणि घरी दुकान थाटलं. आयुष्यभर तांब्याची तार ओढून उजव्या अंगठ्याला चर पडला होता. तार किती जाडीची हे त्या त्या चरातून फिरवून सांगत. आसपासच्या सगळ्या जळक्या मोटारी त्यांच्याकडे येत.

सून या घरात आली ती शास्त्राचं शिक्षण अर्धवट सोडून. माहेरी "का?" विचारलं की त्याला उलट बोलणं म्हणत. इथे आल्यावर आठव्या दिवशी तिने सासूबाईंना विचारलं होतं, वेटोळी डावीकडूनच का भरायची? विचारून झाल्यावर जीभ चावली होती. सासूबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बस इथे. सांगते. आणि पुढचं 'का' पण विचार. मला इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नाही." त्या दिवसापासून प्लास तिच्या हातात आला तो आलाच. आणखीही पुष्कळ काही या घराने तिला दिलं होतं, पण उपकार कशाचे म्हणून कोणी विचारलं असतं तर तिने त्या दुपारचं नाव घेतलं असतं.

एकच गोष्ट सासूबाईंपुढे चालत नसे. दोन वर्षांपूर्वी तपासणीत डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला होता. लवकर काढा म्हणाले होते. "हंगाम सरू दे," सासूबाई म्हणाल्या. मग "पिल्लं निघू देत." मग "थंडी जाऊ दे." नवऱ्याने एकदा तारीख ठरवून आणली, तर त्याच दिवशी त्या पिठाच्या गिरणीची मोटार उघडून बसल्या. "बसलेला हात परत उठत नाही," एवढंच बोलल्या. त्यानंतर घरात तो विषय कोणी काढत नसे.

इंजिन बंद झाल्यावर सासूबाई स्टूल घेऊन जनरेटरजवळ बसल्या. सून खाली, मांडी घालून, मीटर मांडीवर.

"सुरुवात कुठून?" सासूबाईंनी विचारलं.

"बाहेरून आत. सॉकेट, मग स्विच, मग वायरी."

"कर."

सॉकेट ठीक होतं. स्विच काढून मीटर लावला, ठीक. मग बाजूचा पत्रा उघडला आणि आत उंदराने कुरतडलेली वायर सापडली. वरचं आवरण गेलेलं, आतलं तांबं उघडं.

"मिळाला चोर!" नवरा दारातून ओरडला. तो अंडी फिरवून आला होता. वीज नव्हती म्हणून दर चार तासांनी सगळी अंडी हाताने फिरवावी लागत होती.

सासूबाईंनी वायर बोटांनी चाचपली. "चोर आहे, पण हा नव्हे. तांबं तुटलेलं नाही. तरी बदल. कोणती वायर घेशील?"

"पिवळी."

"दाखव. हं. आणि ही दुसरी कोणती, सांग बरं?"

"तपकिरी."

"बरोबर."

सासूबाईंची शिकवायची हीच रीत होती. काम करताना मधेच परीक्षा घ्यायच्या. ही कोणती, ती कोणती, जाड की बारीक. गेली दोनेक वर्षं जरा जास्तच घेत होत्या. सुनेला ते आवडायचं. इतकं शिकून झाल्यावरही कोणी आपल्याला शिकवतंय, याचं तिला बरं वाटायचं.

वायर बदलली. कथिल ओतताना तिचं बोट सायलेन्सरला टेकलं आणि कातडी पांढरी पडली. इंजिन लावलं. तीन वर्तुळं. बल्ब ढिम्म.

"मागचं झाकण उघडू का?" तिने बोट चोखत विचारलं. मागच्या झाकणाखाली पितळी कड्या, त्यांच्यावर टेकणारे दोन कार्बन आणि व्होल्टेज सांभाळणारी काळी डबी होती.

"उघड. डबी बघ. कार्बन कड्या सोड, ते मागच्या महिन्यात मीच केलंय. कड्या घासल्या, कार्बन नवे घातले. माझ्या हातचं आहे."

मागच्या महिन्यात सून दोन दिवस माहेरी गेली होती, तेव्हाचं काम. त्या दिवशी पेट्रोल नव्हतं म्हणून इंजिन लावून बघितलंच नव्हतं. पण माझ्या हातचं आहे म्हटल्यावर या घरात पुढे कोणी विचारत नसे. विचारायचं कारणच कधी पडलं नव्हतं.

दुपारपर्यंत त्यांनी स्टेटरची, म्हणजे न फिरणाऱ्या भागाची, वायंडिंगं मोजली, डबीला जोडणारी पिन साफ केली, जमिनीशी कुठे गळती आहे का पाहिलं. सगळे आकडे पुस्तकात असावेत तसे. सासूबाईंना ते जास्त खटकलं. "आजारी माणसाचा ताप मोजावा आणि ताप नसावा," त्या पुटपुटल्या. "म्हणजे आजार मोठा."

मागच्या खोलीत तापमापक तेहतीसवर होता.

नवऱ्याने मग घरातल्या सगळ्या रजया यंत्रावर घातल्या, हवेसाठी वरची भोकं तेवढी उघडी ठेवली. सून चुलीवर पाणी तापवून बाटल्यांत भरून यंत्रात ठेवू लागली. घरात बाटल्या अकरा निघाल्या. एवढ्याने काय होणार, असं ती म्हणते न म्हणते तोच शेजारची शिवणकामवाली पिशवी घेऊन आली. पिशवीत सात बाटल्या, कोमट नव्हे, चांगल्या कढत.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुझा नवरा सकाळपासून दारोदार सांगत फिरतोय की घाबरण्यासारखं काही नाही. तेव्हाच कळलं, घाबरण्यासारखं आहे."

मग आणखी कोणी कोणी आलं. एकीने पाण्याचा बंब, एकाने दोन घोंगड्या, शाळेच्या शिपायाने रबरी पिशवी, तीही "माझ्या कमरेची आहे, परत द्या" असं बजावून. कोणी थांबलं नाही, कोणी फार बोललं नाही. पाणी थंड झालं की नेऊन तापवून आणत. संध्याकाळी तापमापक पस्तीसवर चढला तेव्हा सुनेने तो आकडा शिवणकामवालीला दाखवला. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती वाकून बराच वेळ बघत राहिली.

तेवढ्यात सासूबाईंनी सुनेला लाउडस्पीकरवाल्याकडे पाठवलं. त्याच्याकडे भाड्याचे दोन जनरेटर होते. तो खुर्चीत बसून कान कोरत होता. त्याने तिला बसा म्हटलं नाही.

"दोन्ही बाहेर गेलेत. वादळ झाल्यापासून रांग लागलीय." मग काडी बघत म्हणाला, "पण तुम्ही भाड्याने मागता? लोकांच्या मोटारी बांधता ना तुम्ही? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच काय?"

दुकानातली दोन माणसं हसली. सुनेच्या तोंडावर उत्तर आलं होतं, पण उद्या परवा जनरेटर मोकळा झाला तर लागेल, म्हणून तिने ते गिळलं. "मोकळा झाला तर निरोप द्या," म्हणाली आणि निघाली. परत येताना चिखलात तिची चप्पल रुतून तुटली. घरी "नाही म्हणाला" एवढंच सांगितलं.

सासूबाईंनी तिच्या अनवाणी पायांकडे तोंड केलं. "आणखी काय म्हणाला?"

"काही नाही."

"बरं. पाय धू."

रात्र बाटल्या बदलण्यात गेली. उजाडल्यावर नवरा आणि समोरचे सुतारकाका काकांच्या टेम्पोची बॅटरी दोघांत धरून आले. सासूबाईंनीच मागवली होती.

"लोखंड झोपलंय," त्यांनी सुतारकाकांना समजावलं. "फिरणाऱ्या रोटरच्या लोखंडात थोडं चुंबकत्व उरलेलं असतं. त्याच्यावरच जनरेटर जागा होतो. महिनाभर पडून ते गेलं असेल. बॅटरी दाखवली की येतं."

"माणसाला चहा दाखवतात तसं," सुतारकाका म्हणाले.

"तसंच. तुम्हालाही मिळेल, आधी बॅटरी खाली ठेवा."

सुनेने डबीची पिन काढली. नवऱ्याने इंजिन सुरू केलं. सासूबाई वाकल्या, बॅटरीच्या दोन वायरी हातात घेतल्या आणि बोटाने कार्बनची जागा चाचपून प्लस वरच्या कार्बनला, मायनस खालच्याला टेकवला. तो हात कधी चुकत नसे. बल्ब लालसर झाला, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा.

"पेटला! पेटला!" नवरा.

"गप रे. वायरी काढते आता. पिन लाव, पोरी."

सुनेने पिन लावली. बल्ब नाही. पुन्हा पिन काढून बॅटरी, लालसर उजेड. पुन्हा पिन, अंधार. तीनदा केलं.

"विझला, आई. बल्ब विझतोय."

"मग डबी मेली," सासूबाई सरळ होत म्हणाल्या. कमरेवर हात ठेवून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. "दुसरं काही उरत नाही. शहरातून नवी आणावी लागेल."

"मी जातो," नवरा म्हणाला. "काका, टेम्पो?"

"बॅटरी दिलीत तर जाईल टेम्पो," सुतारकाका म्हणाले. "तिच्याशिवाय आपल्याला ढकलत जावं लागेल."

जाऊन यायला संध्याकाळ होणार होती. मधे रस्त्यावर झाडं पडलेली. ते गेले तेव्हा तापमापक चौतीसवर होता आणि सासूबाई अंडी फिरवायला आत गेल्या. अंडी त्या सगळ्यांत चांगली फिरवत. प्रत्येक अंड्याला फक्त बोटांचं टोक, आवाज नाही, धक्का नाही.

सून जनरेटरपाशी एकटी राहिली. तिला काही सुचत नव्हतं म्हणून तिने मीटर लावून इंजिन पुन्हा सुरू केलं. पिन काढलेली होती. साडेचार व्होल्ट. उरलेल्या चुंबकत्वाचे. तिने पिन लावली. दीड. काढली. साडेचार नाही, पण सव्वाचार. लावली. दीड.

ती मागे टेकून बसली.

डबी मेली असती तर तिने काहीच केलं नसतं. मेलेल्या वस्तूचा तोच गुण. पिन लावा, काढा, आकडा तसाच राहिला असता. इथे मात्र डबी लावली की आकडा खाली येत होता. म्हणजे डबी जिवंत होती. जिवंत होती आणि उलटं काम करत होती. सुनेला शाळेतला खिळा आठवला. चुंबकाने एका बाजूने घासला की तो टाचण्या उचलायचा, आणि कोणी खोडसाळपणे उलट्या बाजूने घासला की शिकलेलं सगळं विसरायचा.

दुकानात दुसऱ्याचं मशीन आलं की सासूबाई पहिला प्रश्न विचारत, याला शेवटचा हात कोणाचा लागला? शोध तिथून सुरू करायचा. हा नियम सुनेने पहिल्या महिन्यात पाठ केला होता. दोन दिवस झाले, त्यांनी सगळीकडे शोधलं, फक्त शेवटचा हात लागला होता तिथे नाही. कारण तो हात सासूबाईंचा होता.

तिने इंजिन बंद केलं आणि बॅटरीचा हातदिवा आणला. डबीतून कार्बनकडे दोन वायरी जात. मूळच्या वायरी उष्णतेने जळाल्या तेव्हा सासूबाईंनी कारखान्यातल्या उरलेल्या वायरी घातल्या होत्या, एक गडद निळी आणि एक काळी. "निळी वर, काळी खाली," हे त्यांनीच सुनेला शिकवलं होतं. निळी प्लसची.

दिव्याच्या उजेडात तिने बघितलं. वर काळी होती.

सावलीत दोन्ही सारख्याच दिसत होत्या. दिवा जवळ नेला तेव्हा निळीचा निळेपणा उमटला. सुनेने दिवा विझवला, परत लावला. मग तिला एकेक आठवायला लागलं. ही कोणती, सांग बरं. दाखव. हं, बरोबर. दोन वर्षं. शिवताना दोऱ्याचं रीळ पुढे करून, "हे कोणतं?" औषधाच्या बाटल्या बाजूला ठेवून, "वाच बघू, तुझं इंग्रजी कसं आहे बघते." ती हौसेने उत्तरं देत होती. पहिल्या नंबराने पास होत होती. आणि मागच्या महिन्यात, जेव्हा या दोन वायरी लावायच्या होत्या, तेव्हा परीक्षा द्यायला ती घरात नव्हती.

राग आला नाही. तिला वाटलं, यांनी माझ्याकडून डोळे मागून घेतले आणि मला शिकवल्याचा मान दिला. मागताना हात पसरल्यासारखं दिसू दिलं नाही. माझा हात मात्र सतत भरला.

तिने वायरींचे चिमटे काढले आणि अदलाबदल करून लावले. निळी वर. काळी खाली. इंजिनाची दोरी ओढली.

बल्ब पेटला. लालसर नाही, पांढरा, डोळ्यांना लागेल असा. तिने केबल मागच्या खोलीत नेऊन यंत्राला जोडली आणि आतला हीटर सुरू होताच बाहेर इंजिनाचा आवाज जड झाला, ओझं उचललेल्या माणसासारखा. पंखा फिरू लागला. सासूबाई अंड्यांच्या ट्रेवर वाकल्या होत्या, तशाच थांबल्या. मग त्यांनी ट्रे अलगद आत सरकवला, दार लावलं आणि दाराच्या मुठीला धरून उभ्या राहिल्या.

"आली," त्या म्हणाल्या. "आली गं, पोरी." त्यांनी सुनेचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. हात अंड्यांसारखेच कोमट होते. "काय होतं?"

सुनेने उत्तर तयार ठेवलं होतं.

"कार्बन अडकला होता. वरचा. हलवला आणि बसला."

"अस्सं." हात तिच्या गालांवरच होते. "नवा कार्बन होता. कधी कधी अडकतो नवा."

"हो ना."

"पिन काढल्यावर किती होते गं?"

"साडेचार."

"आणि लावल्यावर?"

सुनेला खोटं सांगायचं होतं, पण आकड्याचं खोटं तिला कधी जमलं नव्हतं. तेही याच घरात शिकलेलं.

"दीड," ती म्हणाली.

सासूबाईंनी हात खाली घेतले. यंत्राशेजारच्या स्टुलावर बसल्या. बाहेर इंजिन चालू होतं.

"कार्बन अडकला असता," त्या सावकाश म्हणाल्या, "तर पिन लावली काय नि काढली काय, साडेचारच राहिले असते."

"हो, आई."

"दीड कधी होतात?"

ही परीक्षा नव्हती. सुनेला ते कळलं.

"वर कोणती होती?"

"काळी."

सासूबाईंनी मान हलवली. बराच वेळ त्या स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या, अंगठ्याच्या चराकडे. "निळीच आहे म्हणून लावली मी. उन्हात नेऊन बघितली होती. दोनदा बघितली."

"आई, पिल्लांना काही झालेलं नाही. आत्ता मी चार अंडी उजेडासमोर धरते, बघा तुम्ही…" ती थांबली. "मी सांगते तुम्हाला."

तिने चार अंडी काढून हातदिव्यावर धरली. तिसऱ्यात काहीच हललं नाही तेव्हा तिने दिवा आणखी जवळ नेला. मग आतली सावली सरकली, झोपेत कूस बदलावी तशी. चारही जिवंत होती. प्रत्येक वेळी ती म्हणाली, "हलतंय," आणि प्रत्येक वेळी सासूबाईंनी "हं" म्हटलं. चौथ्यानंतर त्यांनी डोळे पुसले. "चांगलं केलंस," म्हणाल्या. "खोटं वाईट बोललीस, पण कशासाठी बोललीस ते कळलं मला. सव्वीस वर्षं कारखान्यात काढली. तिथे कोणाची चूक झाकायला कोणी एवढाही विचार केला नसता."

"मी तुम्हाला काय दिलं, आई? सगळं तर तुम्हीच…"

"पुरे. अंडी थंड होतील. आत ठेव."

दिवस मावळायच्या सुमारास टेम्पो आला. घरात दिवा बघून नवरा चालत्या टेम्पोतूनच उतरला. त्याच्या हातात खोक्यातली नवी डबी होती.

"पेटला कसा? डबी तर माझ्याकडे आहे!"

"तू शहरात पोचलास हे ऐकून घाबरून जुनीच चालू झाली," सुतारकाका म्हणाले. "वहिनी, काय निघालं अखेर?"

अंगणात शिवणकामवाली आपल्या बाटल्या मोजून घेत होती, शाळेचा शिपाई कमरेची पिशवी न्यायला आला होता. सून पटकन पुढे झाली.

"कार्बन होता, काका. नवा…"

"कार्बन नव्हता," सासूबाई दारातून म्हणाल्या. "वायरी उलट्या लावल्या होत्या. मी लावल्या. हिने शोधल्या."

नवरा आईकडे, मग बायकोकडे, मग हातातल्या खोक्याकडे बघत राहिला. "आई, तुझी चूक?" तो म्हणाला. कोणीतरी सूर्य पश्चिमेला उगवल्याचं सांगावं तसं.

"माझीच. निळी न् काळी मला आता एकच दिसते. बरेच दिवस झाले." सासूबाई पायरी उतरून खाली आल्या. शेवटच्या पायरीवर पाय आधी चाचपला, मग टेकवला, आणि तसं करताना कोणी बघतंय याची पर्वा केली नाही. "लाइन कधी येणार म्हणाला तो?"

"अजून तीन दिवस," सून म्हणाली.

"आणि पिल्लं चार दिवसांनी. म्हणजे पुढच्या आठवड्यात घर मोकळं." त्या सुतारकाकांकडे वळल्या. "भाऊ, पुढच्या सोमवारी टेम्पो रिकामा आहे?"

"आहे की. कोणाची मोटार पोचवायची?"

"मोटार नाही," सासूबाई म्हणाल्या. "मला दवाखान्यात न्या. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून घेतेय मी. आणि त्यानंतर दुकान हिचं."